आकड्यातली थंडी

परभणीचं नाव राज्याच्या बातम्यांत वर्षभर फारसं येत नाही. डिसेंबर-जानेवारीत मात्र हमखास येतं. ‘राज्यात नीचांकी तापमान परभणीत’ असा मथळा छापून आला की आम्ही परभणीकर तो एकमेकांना असा पाठवतो, जणू थंडी आम्हीच पेरली आणि आम्हीच काढली. डिसेंबर २०१८ च्या शेवटच्या आठवड्यात पारा तीन अंशांच्या घरात उतरला, तेव्हा मी पहाटे स्कूटर काढून कृषी विद्यापीठाच्या शेतांपर्यंत चक्कर मारून आलो होतो. काम काही नव्हतं. नुसतं ‘मी होतो त्या थंडीत’ असं म्हणता यावं म्हणून. ते मी पुढं बरीच वर्षं म्हणत राहिलो.

डोंगरात फिरताना मी ज्या चुका केल्या, त्यातल्या बहुतेक या अभिमानातून निघाल्या. सह्याद्रीत कुठंही जायचं ठरलं की मी मोबाइलवर किमान तापमान बघायचो. नऊ, दहा, अकरा. आणि हसायचो. अकरा अंशांना आमच्याकडं लोक अंगणात दाढी करतात. बरोबरच्यांनी जर्किन घ्यायचं का विचारलं तर म्हणायचो, ‘परभणीचे ना तुम्ही?’ विशेष म्हणजे मी शाळेत भूगोल शिकवतो. निदान मला तरी आकड्याच्या मागं काय असतं ते ठाऊक असायला हवं होतं. ठाऊक होतंही. फळ्यावर.

परभणी शहराची उंची समुद्रसपाटीपासून चारशे मीटरच्या आसपास. महाबळेश्वर त्याच्या तिप्पट उंच. तरी हिवाळ्यातल्या कित्येक पहाटे महाबळेश्वरपेक्षा परभणीचा पारा खाली असतो. निरभ्र आकाश, कोरडी हवा, समुद्र लांब, आणि वारा पडलेला. अशा रात्री जमीन दिवसभरची ऊब आकाशाकडं सोडून देते आणि तिला टेकलेली हवा गार होत जाते. गार हवा जड, ती सखल जागी साचून बसते. विद्यापीठाची वेधशाळा उघड्या शेतांच्या मधोमध आहे, म्हणून तिथला आकडा शहरातल्या नोंदीपेक्षा बऱ्याचदा कमी निघतो. म्हणजे आमची प्रसिद्ध थंडी ही पहाटेच्या दोन-तीन तासांची, बिनवाऱ्याची, सखल रानातली थंडी. आठ-साडेआठला ऊन चढलं की स्वेटर कमरेला. महाबळेश्वरलाही गावात पारा दहाच्या वर असताना खाली वेण्णा तलावाच्या काठी गवतावरचं दव गोठलेलं सापडतं, तेही याच कारणानं. या प्रकाराला आमच्या पुस्तकात ‘तापमानाची विपरीतता’ म्हणतात. परीक्षेत तो हमखास प्रश्न असतो. मुलं चांगलं उत्तर लिहितात.

तर आता मास्तरांचं उत्तर सांगतो.

जिंतूर तालुक्यात अजिंठ्याच्या रांगेचे फाटे उतरले आहेत. नेमगिरीची जैन लेणी ज्या टेकड्यांत आहेत, तो भाग आणि पुढं येलदरी धरणाकडचा माळ हे आमचं जवळचं फिरायचं रान. उंची काही सांगण्यासारखी नाही, पण झाडी विरळ, आभाळ मोठं. एका जानेवारीत आम्ही काही शिक्षक मंडळी तिकडं हुरडा खायला गेलो. आगटी पेटली, गूळभेंडीची कणसं भाजून झाली, चटणी संपली, गप्पा रंगल्या आणि कुणीतरी म्हणालं, आज इथंच झोपू. संध्याकाळी माळावर वारं सुटलं होतं. मी पुढाकार घेऊन जागा निवडली: खालच्या ओढ्याचं कोरडं पात्र. दोन्ही बाजूंना दरड, मऊ वाळू, वाऱ्याचा मागमूस नाही. शेजारच्या उतारावर एका धनगर बाबांचा मेंढ्यांचा वाडा बसला होता. ते आमच्याकडं बघत होते. शेवटी न राहवून म्हणाले, ‘सर, वर सरका. तितं गार साचतंय.’ मी त्यांना हसून सांगितलं, ‘बाबा, वर वारं आहे.’ ते म्हणाले, ‘वारं ऱ्हायतंय का रातभर?’

नाही राहिलं. दहाच्या सुमारास वारा पडला आणि ओढ्यात गारवा उतरायला लागला. उतारावरून पाणी वाहतं तशीच गार हवा वाहते, फक्त दिसत नाही. आमच्या अंगाखाली एक ताडपत्री आणि त्यावर सतरंजी होती. पांघरायला मात्र भरपूर आणलं होतं. ही दुसरी चूक, आणि ती मी आजही लोकांना करताना बघतो. अंगाखालचं पांघरूण दबून त्यातली हवा निघून जाते, ऊब राहत नाही. खालून जमीन माणसाला रात्रभर पिते. शिवाय पेपरातला आकडा हा जमिनीपासून साधारण चार फुटांवर, पांढऱ्या झडपांच्या लाकडी पेटीत ठेवलेल्या तापमापकाचा असतो. निरभ्र रात्री गवतालगत त्याहून काही अंश कमी भरतं. वेधशाळेत त्यासाठी वेगळा तापमापक गवतावर आडवा ठेवलेला असतो. मी वेधशाळेच्या सहलीत मुलांना तो दाखवलाय. आणि त्या रात्री त्याच्याच उंचीवर आडवा झालो होतो.

आमच्यातल्या दोघांनी ‘थंडीचं औषध’ बरोबर आणलं होतं. त्यांनी ते घेतलं, तासभर त्यांना उकडल्यासारखं झालं, मग सगळ्यांत जास्त हुडहुडी त्यांनाच भरली. दारूनं कातडीकडं रक्त धावतं, माणसाला ऊब वाटते आणि ती ऊबच बाहेर निघून जाते. हे त्यांना तेव्हा सांगण्यात अर्थ नव्हता. पहाटे साडेतीन-चारला आम्ही उठून बसलो, वाकळा वरून दवानं ओल्या, आगटीची राख गार. शेवटी मी पाय मोकळे करायला म्हणून उतार चढलो. चाळीस-पन्नास पावलं गेलो असेन, आणि हवा बदलली. खरोखर, उंबरा ओलांडून घरात यावं तशी. वर बाबा एका घोंगड्यात स्वस्थ झोपले होते. त्यांना उठवून ‘तुमचं बरोबर होतं’ म्हणायचं धैर्य झालं नाही. मी खाली जाऊन मंडळींना म्हटलं, वर चला, सूर्योदय छान दिसेल.

यातून मी जे शिकलो ते उलट घातकच ठरलं. मला वाटलं, थंडी खाली असते, वर उबदार असतं. रात्रीपुरतं, बिनवाऱ्याच्या रात्रीपुरतं, ते खरंय. दिवसा उंची वाढेल तसा पारा उतरतो, हजार मीटरला सरासरी साडेसहा अंश, हेही मी फळ्यावर लिहितोच. पण माणूस फळ्यावरून शिकत नाही, पाय गारठले की शिकतो, आणि तेही जेवढे गारठले तेवढंच.

कळसूबाईला भाच्याला घेऊन गेलो, ती गोष्ट सांगायची तर लाज वाटते, पण सांगायचीच आहे. भाचा तेव्हा अकरावीत होता. दिसायला काटकुळा, त्याला डोंगराची हौस माझ्यामुळंच लागलेली. ताईनं, म्हणजे त्याच्या आईनं, त्याच्या पिशवीत लोकरीचा एक स्वेटर घातला होता, आमच्या आईनं विणलेला, विटकरी रंगाचा, कोपरावर रफू केलेला. निघायच्या आधी परभणीत माझ्याकडं पिशव्या भरताना मी तो बाहेर काढला. जड आहे, जागा खातो, आणि फोटोत काय दिसेल ते? त्याऐवजी त्याची सुती हुडी ठेवली. भाचाही खूश. रात्रीच्या गाडीनं नाशिकरोड, तिथून घोटीवरून बारी गाव. अंदाज बघितला होता: किमान दहा, आकाश निरभ्र. मी नेहमीसारखा हसलो होतो.

बारीपासून शिखर साधारण नऊशे मीटर वर. कळसूबाई १६४६ मीटर, राज्यातलं सगळ्यांत उंच टोक. चढ सुरू झाला तेव्हा पहाटेचा गारवा होता म्हणून आम्ही सगळं अंगावर चढवूनच निघालो. अर्ध्या तासात घाम. मी म्हटलं, काढू नकोस, वर लागेल. यापरतं चुकीचं मी काही सांगितलं असेल तर आठवत नाही. चढताना थोडं गार वाटलं पाहिजे; कपडे चढाला काढायचे आणि थांबल्यावर घालायचे. आम्ही नेमकं उलटं केलं. वर पोहोचेपर्यंत त्याचं बनियन, शर्ट आणि हुडीची पाठ पिळून काढावी इतकी ओली. सुती कापड घाम पितं आणि धरून ठेवतं. लोकर ओली झाली तरी तिच्या धाग्यांत हवा राहते, ती ऊब सोडत नाही. विटकरी रंगाची असली तरी.

शिडी संपली आणि शिखरावर वारा होता. आमच्याकडच्या हिवाळ्यात असा वारा नसतोच, म्हणून त्याचा हिशेब करायची मला सवय नव्हती. अंगाभोवती आपण तापवलेल्या हवेचा पातळ थर असतो, वारा तो सतत ओरबाडून नेतो. दहा अंश तापमान आणि ताशी चाळीस किलोमीटर वारा असेल तर उघड्या कातडीला सहा अंशांसारखं लागतं. पाच अंश असतील तर शून्याखाली. हा कोरड्या कातडीचा हिशेब झाला. ओल्या अंगाची गोष्ट वेगळी, कारण पाणी हवेपेक्षा पंचवीसएक पट वेगानं ऊब वाहून नेतं आणि वाळताना आणखी नेतं. हे आकडे मी नंतर घरी बसून जुळवले. वर असताना मी देवीच्या देवळापाशी रांगेत होतो, मग फोटोत, मग दूरवर अलंग-मदन-कुलंग कुठले ते ओळखण्यात. भाचा देवळाच्या भिंतीला टेकून बसला होता. डबा उघडला तर म्हणाला, भूक नाही. पाणीही नको. थंडीत तहान लागत नाही, तसं असेल म्हटलं. मीही प्यायलो नव्हतो.

उतरताना तो मागं पडायला लागला. शिडीचा गज धरताना बोटं नीट मिटत नव्हती. काही विचारलं की उत्तर उशिरा यायचं, आणि शब्द जड, झोपेतून उठवल्यासारखे. ‘मामा, बसू द्या की जरा,’ असं दोनदा म्हणाला. मी काय केलं? चिडलो. त्याला म्हटलं, तुला कुणी बळजबरीनं आणलेलं नाही, नाटकं करू नकोस, एवढ्या थंडीला काय होतंय परभणीच्या पोराला. हे शब्द मी बोललो. आणि मधे एका जागी माझ्या लक्षात आलं की याचं कुडकुडणं थांबलंय. मला बरं वाटलं. म्हटलं, चला, अंग तापलं वाटतं.

शरीराचं तापमान ३७ वरून ३५ च्या खाली गेलं की डॉक्टर त्याला हायपोथर्मिया म्हणतात. आधी जोराची हुडहुडी, मग हात काम करेनासे, बोलणं जड, चालणं लटपटतं, माणूस चिडचिडा किंवा मुका होतो. आणि ऊब न येता हुडहुडी थांबली तर ती सुधारणा नसते, शरीरानं हार मानायला सुरुवात केलेली असते. हे ओळखायला भूगोल लागत नाही, आणि मला तेव्हा हे माहीतच नव्हतं. आमच्याकडं उष्माघाताची माहिती पोराटोरांना असते. मे महिन्यात खिशात कांदा ठेवून फिरणारी माणसं आम्ही. थंडीनं माणूस दगावतो ते फुटपाथवर, पेपरात, अशी आमची समजूत.

पुढं चहाचं एक छप्पर होतं. तिथल्या बाईंनी त्याच्याकडं एकदा बघितलं आणि माझ्याकडं दुसऱ्यांदा. ‘दादा, पोरगं ओलं हाय आतून. काढा आधी ते.’ मी त्याचे तळहात चोळायला लागलो तर म्हणाल्या, ‘ऱ्हाऊ द्या, चोळू नका, आत घ्या त्याला.’ वाऱ्याच्या आड, चुलीजवळ, खाली पोत्यांची घडी घालून बसवलं. ओलं बनियन काढून माझा कोरडा शर्ट, वरून त्यांची घोंगडी. मग भरपूर साखरेचा चहा, घोट घोट. पाऊण तासानं त्याला पुन्हा कुडकुडायला लागलं. मला वाटलं बिघडलं. बाई म्हणाल्या, आता बरं हाय. त्यांनी पैसे फक्त चहाचे घेतले.

यानंतर मी शहाणा झालो असं लिहायला मला आवडलं असतं. अर्धवट झालो. लोकर आली, वारं अडवणारं जर्किन आलं, चढताना कपडे काढायची शिस्त आली. पण हिवाळा म्हणजे कोरडा, ही मराठवाड्यातली समजूत तशीच राहिली. वास्तविक आमच्याकडंच तूर आणि हरभऱ्यावर धुई पडते, अवकाळी होतो, २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधली गारपीट तर कोण विसरेल. तरी डोंगरात जाताना रेनकोट नेणं मला हास्यास्पद वाटायचं.

२०२१ च्या डिसेंबरच्या पहिल्याच दिवशी आम्ही पाचनईतून हरिश्चंद्रगडाला निघालो. आभाळ आदल्या रात्रीपासून भरलेलं होतं. अंदाजात पाऊस होता, तो मी बघितलाही होता. पाचनईतल्या ज्यांच्याकडं जेवलो ते म्हणाले, ‘आज नका जाऊ सर.’ आता परभणीहून पाचनई म्हणजे रात्रभर रेल्वे, मग एसटी, मग जीप. रजा टाकलेली, परतीचं तिकीट काढलेलं. पुण्या-नाशिकचा माणूस पुढच्या रविवारी पुन्हा येऊ शकतो. आम्ही आलो की आलो. लांबून येणाऱ्याला परत फिरणं महाग पडतं आणि म्हणून तोच जास्त हट्टी असतो, हे मला आता दुसऱ्यांच्या बाबतीत लगेच दिसतं. तेव्हा मी म्हटलं, थेंब पडतायत नुसते.

गडाच्या माथ्यावर पोहोचलो तेव्हा आम्ही ढगाच्या आत होतो. हरिश्चंद्रेश्वराच्या देवळाकडून कोकणकड्याकडं जायचं ठरलं होतं. दहा पावलांवरचा माणूस दिसत नव्हता, आणि ज्या पठाराच्या एका टोकाला सरळ तुटलेला कडा आहे त्यावर आम्ही अंदाजानं चालत होतो. वाट दाखवणारे बाण सापडायचे, मग सापडायचे नाहीत. पाऊस जोराचा नव्हताच, बारीक, आडवा, वाऱ्याबरोबर येणारा. मोबाइल गार पडून बंद झाला; चाळीस टक्के दाखवत होता आणि गेला. गार बॅटरी अशी दगा देते. नकाशा मोबाइलमध्येच होता. एकानं, आमच्यातल्या सगळ्यांत कमी अनुभवी माणसानं, म्हटलं की मी आता पुढं येणार नाही, परत जाऊ. मी वाद घातला. पाच-एक मिनिटं. मग माझ्या स्वतःच्या बोलण्यातला जडपणा मला ऐकू आला, आणि मी गप्प झालो. देवळाजवळच्या एका झोपडीत रात्र काढली, सगळ्यांत मिळून कोरडे कपडे दोन माणसांपुरते. आळीपाळीनं चुलीपाशी.

दुसऱ्या दिवशी खाली उतरलो तेव्हा कळलं की त्याच पावसात, त्याच थंडीत, जुन्नर-आंबेगावकडं उघड्यावर बसलेल्या मेंढपाळांच्या शेकडो मेंढ्या गारठून मेल्या. अंगावर लोकर घेऊन जन्मलेली जनावरं. त्या दिवशीचा राज्यातला किमान आकडा मला आठवत नाही, आणि तो शोधला तर त्यात बातमी व्हावी असं काही नसणार. हवामान खात्याच्या व्याख्येत मैदानी भागात थंडीची लाट म्हणायला पारा दहा किंवा त्याखाली आणि सरासरीहून किमान साडेचार अंश कमी लागतो. ढगाळ, ओल्या दिवशी पारा फार उतरतच नाही. पुढं ऑगस्ट २०२३ मध्ये याच गडावर पुण्याकडून आलेला एक गट पावसा-धुक्यात वाट चुकला आणि त्यातला एक जण गारठून दगावला. ऑगस्टात. पेपरातल्या थंडीच्या चौकटीत ऑगस्ट येत नाही.

हल्ली मी किमान तापमान सगळ्यांत शेवटी बघतो. आधी वारा, मग ढग-पाऊस, मग सूर्यास्त, कारण डिसेंबरात सहाच्या सुमारास अंधार होतो आणि उतरणीला नेहमी वाटतं त्याहून जास्त वेळ लागतो. जिल्ह्याचा अंदाज हा बहुधा खालच्या गावांचा असतो, माथ्याचा नाही, म्हणून जायच्या आदल्या दिवशी पायथ्याच्या गावात फोन लावतो. पाचनईचे ते गृहस्थ आता ओळखीचे झालेत. ‘वारं हाय, नका येऊ’ म्हणाले तर नाही जात. एकदा तर तिकिटाचे पैसे बुडाले. सगळी मंडळी माझ्यावर चिडली, आणि त्या दिवशी गडावर लख्ख ऊन होतं असं पुढं कळलं. त्यावरून मला अजून टोमणे ऐकावे लागतात.

भाचा आता पुण्यात नोकरी करतो आणि माझ्यापेक्षा बरे ट्रेक करतो. कळसूबाईचा किस्सा तो लग्नाकार्यांत रंगवून सांगतो, त्यात मामांनी कसं झापलं ते असतं, चहावाल्या बाईंनी मामांकडं कसं बघितलं ते असतं, माझी नक्कलही असते. दोन गोष्टी मात्र तो गाळतो. एक, त्याची बोबडी वळली होती ती थट्टेची नव्हती. दुसरी, तो स्वेटर. ताईला अजून वाटतं की तो गाडीत विसरला म्हणून त्या दिवशी पोराला थंडी वाजली. तिनं त्यासाठी त्याला बोलून घेतलंय, आणि तो काही बोलला नाही. स्वेटर माझ्या कपाटात आहे. हे छापून आलं की ती वाचेलच, आणि मग फोन येईल.